टीचभर उंच कठडा

कवीला आकाशवाणीवर बोलावलं की तो पावसावर, समुद्रावर नाहीतर आईवर बोलणार, अशी आपली अपेक्षा असते. मी आज पलंगावर बोलणार आहे. तोही लहान मुलांच्या दुमजली पलंगावर. शहरात आणि आता आमच्या गावातही त्याला बंक बेड म्हणतात. मी सुतार नाही, डॉक्टर नाही. बी.ए. झालेला, कविता करणारा साधा माणूस. पण या पलंगाच्या बाबतीत माझ्या हातून एक चूक झाली आणि तिची किंमत माझ्या पाच वर्षांच्या नातीनं मोजली. त्यानंतर मी जे विचारलं, वाचलं आणि हातात टेप घेऊन मोजलं, ते आज सांगतो. ज्यांच्या घरी असा पलंग आहे त्यांनी हे ऐकून एकदा तो तपासावा, आणि ज्यांच्या घरी यायचा आहे त्यांनी आधीच विचार करावा, एवढीच इच्छा.

माझं गाव मुरूड तालुक्यात, खाडीच्या काठाला. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर येऊन थडकलं. श्रीवर्धन, मुरूड, अलिबागच्या पट्ट्यात कितीतरी घरांची कौलं, पत्रे उडून गेले आणि नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. आमच्या परसातला जुना फणस मुळासकट उन्मळून पडला. त्याच्या सावलीत मी लहानाचा मोठा झालो. ते लाकूड चुलीत घालायला मन होईना. आमच्या ओळखीच्या मिस्त्रींनी त्याच्या फळ्या पाडून घेतल्या, मधे पट्ट्या घालून पडवीत रचल्या आणि दोन-अडीच वर्षं तशाच वाळू दिल्या. फणसाचं लाकूड पिवळंधमक, पॉलिश छान घेणारं. कोकणात दारं-खांब करायला ते पिढ्यान्‌पिढ्या वापरतात. २०२३ च्या दिवाळीनंतर मनात आलं, नातवंडांसाठी याचा पलंग करावा. मुलगा-सून मुंब्र्याला असतात. मे महिन्यात दोन्ही मुलं गावी येतात, आणि वादळानंतर बांधलेली खोली लहान. एकावर एक पलंग केला तर दोघं झोपतील आणि खेळायला जमीनही मोकळी राहील.

मिस्त्री म्हणाले, ‘‘भाई, वरच्या पलंगाला कठडा फूटभर उंच ठेवू या.’’

मी म्हणालो, ‘‘फूटभर कशाला? पिंजरा दिसेल. मुलं झोपणार आहेत, कोंबड्या नाहीत.’’

शेवटी सात इंचांवर आलो. शिवाय चार खांबांच्या टोकांना मी हौसेनं कळस कोरून घेतले. पलंग तयार झाला तेव्हा शेजारपाजारचे बघायला आले. मीही लांब उभा राहून बघत होतो. ओळ जमली की कवी जसा बघतो तसा.

मग आली गादी. पिंजाऱ्याकडून चांगला कापूस भरून घेतला. नवी गादी, पाच इंच जाड, फुगलेली. कठडा सात इंच, त्यातले पाच गादीनं खाल्ले. उरले दोन इंच. म्हणजे तीन बोटं. हा हिशेब तिसरीतलं मूल करू शकतं. मी केला नाही. रिकाम्या पलंगावर कठडा पाहिला होता, तोच डोळ्यांसमोर राहिला.

मे २०२४ मध्ये मुलं आली. नातू आठ वर्षांचा, तो वर झोपायचा. नात पाच वर्षांची, ती खाली. तिसऱ्या-चौथ्या रात्री तिनं हट्ट धरला, आज मी वर. सून म्हणाली, ‘‘अब्बा, ती अजून लहान आहे.’’ मी म्हणालो, ‘‘एका रात्रीनं काय होतंय?’’ रात्री तीनच्या सुमाराला धप्प आवाज झाला. त्या आवाजानंतर एक क्षण पूर्ण शांतता होती. मग ती रडली. ती रडली म्हणून मी अल्लाचे आभार मानले. पाच फुटांवरून लादीवर पडली होती. गळ्याजवळचं हाड, ज्याला कॉलर बोन म्हणतात, ते मोडलं होतं. डॉक्टर म्हणाले, डोक्यावर पडली नाही हे नशीब, आणि या वयात हाड लवकर जुळतं. खरोखरच जुळलं. पण तीन-चार आठवडे हात गळ्यात बांधून तिची सगळी सुट्टी ओट्यावर बसण्यात गेली. सून मला एका शब्दानं काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

त्या रात्रींत मला माझे वडील फार आठवले. आमच्या किनाऱ्यावरची कितीतरी माणसं मुंबईच्या गोदीतून बोटींवर खलाशी म्हणून गेली. वडीलही गेले. ते सांगायचे, बोटीवर झोपायला एकावर एक बंक असतात आणि बंकाच्या कडेला आडवी फळी असते. दर्या खवळला की बोट कलते, झोपलेला माणूस फळीला अडतो म्हणून वाचतो. मी लहानपणी विचारलं होतं, ‘‘आणि दर्या शांत असला तर?’’ ते म्हणाले होते, ‘‘झोपेत माणूस स्वतःच कलतो रे.’’ पुढे माझा भाऊ आखातात गेला. तिथं एका खोलीत लोखंडी दुमजली खाटा, वरच्याला धरायला एक नळी. म्हणजे दोन पिढ्या आमच्या घरातली माणसं वरच्या पलंगावर झोपत आली. तरी मी ती फळी शोभेची वस्तू समजलो.

तशी आपली सगळ्यांचीच दुमजली पलंगाशी पहिली ओळख रेल्वेत होते. आपल्या कोकणचे मधु दंडवते राजापूरचे खासदार होते. १९७७ ते १९७९ या काळात ते रेल्वेमंत्री झाले आणि दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बर्थवर त्यांनी दोन इंच जाडीचा फोम आणला. साध्या माणसाच्या पाठीचा विचार दिल्लीत कुणीतरी केला, म्हणून आजही लोक ती गोष्ट सांगतात. पण रेल्वेच्या सवयीनं आपला एक गैरसमजही होतो. आपल्याला वाटतं, वरच्या बर्थवर लहान मुलं मजेत चढतात, मग घरी काय बिघडलं? गाडीत आई-बाप हाताच्या अंतरावर असतात, दिवे असतात, जागरण असतं. घरी मूल वर एकटं असतं आणि आपण दुसऱ्या खोलीत गाढ झोपलेलो असतो.

आता कामाच्या गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट वयाची. सहा वर्षांखालच्या मुलाला वरच्या पलंगावर झोपवू नये. हे अमेरिकेत सांगतात, युरोपातही सांगतात. लहान मूल रात्री लघवीला उठतं ते अर्धं झोपेतच. आपण कुठं आहोत, पाऊल कुठं टाकायचं, हे त्याला त्या वेळी कळत नाही. आणि नियम एका रात्रीसाठीही मोडायचा नाही. हे मी अनुभवानं सांगतो.

दुसरी गोष्ट कठड्याची. अमेरिकेत ग्राहकांच्या सुरक्षिततेसाठी एक सरकारी आयोग आहे. त्यानं १९९९ मध्ये दुमजली पलंगांसाठी सक्तीचे नियम केले आणि ते २००० मध्ये लागू झाले. त्यात म्हटलं आहे, कठड्याची वरची कड गादीच्या वर किमान पाच इंच असली पाहिजे. युरोपच्या मानकात हे अंतर सोळा सेंटीमीटर आहे, म्हणजे सव्वासहा इंच. नीट ऐका, गादीच्या वर, फळीच्या वर नव्हे. आपल्याकडे मोजायला टेप नसली तरी हात आहे. मोठ्या माणसानं अंगठा आणि तर्जनी ताणली की जे अंतर होतं त्याला आपण टीच म्हणतो. ते साधारण सहा इंच भरतं. गादी घालून, वर चादर-गोधडी अंथरून झाल्यावर कठडा टीचभर वर दिसला पाहिजे. म्हणून आधी गादी ठरवा, मग कठडा. दुकानातून पलंग घेत असाल तर जास्तीत जास्त किती जाडीची गादी चालेल हे विचारा. वरच्या पलंगाला चार इंचांची गादी पुष्कळ झाली.

तिसरी गोष्ट, कठडा दोन्ही बाजूंना हवा. पलंग भिंतीला लावलेला असला तरी भिंतीकडेही हवा, आणि तिकडचा सलग हवा. कारण पलंग हळूहळू भिंतीपासून सरकतो. भिंत आणि गादी यांच्यामध्ये फट पडते आणि झोपलेलं मूल त्यात घसरून अडकू शकतं. पुढच्या बाजूला चढण्या-उतरण्यापुरती जागा मोकळी ठेवता येते. ती पंधरा इंचांपेक्षा मोठी नको.

चौथी गोष्ट पट्ट्यांमधल्या फटींची. वरच्या पलंगाच्या कठड्यात, दोन पट्ट्यांमध्ये साडेतीन इंच किंवा त्याहून मोठी फट नसावी. आपल्याला वाटतं, एवढ्याशा फटीतून मूल थोडंच पडणार? गंमत अशी की मूल पायांकडून घसरतं. पाय जातात, कंबर जाते, छाती जाते आणि डोकं अडकतं. मग ते लटकतं. पडण्यापेक्षा हे अधिक भयंकर. गादीही पलंगाच्या मापाची घ्या. आखूड गादीच्या कडेला जी खाच राहते तीही फटच.

पाचवी गोष्ट वरच्या गादीखालच्या फळ्यांची. त्या नुसत्या ठेवलेल्या असतात. खाली झोपलेल्या मुलाला पायानं वरच्याला ढोसायची हुक्की येते. आमच्या घरी तर हा रोजचा खेळ होता. फळी उचलली गेली, सरकली, तर वरचं मूल गादीसकट खालच्यावर. म्हणून प्रत्येक फळी स्क्रूनं पक्की करून घ्या.

सहावी गोष्ट शिडीची. शिडी अडकवून ठेवायची नको, पलंगाला पक्की हवी. पायऱ्या गोल दांड्यांच्या नकोत, पायाचं पाऊल टेकेल अशा तीन-चार इंच रुंद, सपाट हव्यात. आणि मुलांना पहिल्याच दिवशी शिकवा, उतरताना तोंड शिडीकडे, पाठ खोलीकडे. बोटीवरचे लोक असेच उतरतात. रात्री शिडीजवळ एक मंद दिवा असू द्या.

सातवी गोष्ट परदेशी नियमांपेक्षा आपल्या घरांना जास्त लागू आहे. तो म्हणजे छताचा पंखा. आकडे बघा. वरच्या गादीची उंची पाच फूट. त्यावर चार फुटांचं मूल उभं राहिलं की झाले नऊ फूट. आपल्या फ्लॅटमध्ये छत साडेनऊ फुटांवर आणि पंख्याची पाती आठ-साडेआठ फुटांवर. मुलं वर उभी राहणारच, उशा फेकणारच. नेहमीचा पंखा अठ्ठेचाळीस इंची, म्हणजे मध्यापासून दोन फूट फिरतो. त्यात मुलाचा लांबवलेला हात दोन फुटांचा. तेव्हा पंख्याच्या मध्यापासून पलंगाची कड निदान पाच फूट दूर हवी. खोली लहान असेल तर छताचा पंखा काढा आणि जाळीचा भिंतीवरचा पंखा लावा. तेही जमत नसेल तर दुमजली पलंगाचा विचार सोडा. जमिनीवर दोन गाद्या घालण्यात कमीपणा नाही.

आठवी गोष्ट लटकणाऱ्या वस्तूंची. खांबाला ओढणी, दोरीवरच्या उड्यांची दोरी, शाळेचा पट्टा, दप्तर, काही अडकवू नका. मुलं त्याचा झोपाळा करतात आणि गळ्याला फास बसतो. माझ्या हौसेचे कळसही याच कारणासाठी वाईट. उतरताना फ्रॉक कळसाला अडकला तर मूल त्यावरच लोंबकळेल. मच्छरदाणी तर आपल्याकडे हवीच. खालच्या मुलाची मच्छरदाणी वरच्या चौकटीला आतून बांधता येते. वरच्याची भिंतीतल्या हुकांना आखूड बंदांनी बांधा, लांब दोऱ्या लोंबत ठेवू नका.

आता थोडं सुखाबद्दल. नुसता सुरक्षित पलंग पुरत नाही, झोपही लागली पाहिजे. गरम हवा वर जाते. वादळानंतर आमच्याकडे पुष्कळ घरांवर कौलांच्या जागी पत्रे आले. अशा पत्र्याखाली मे महिन्यात वरच्या पलंगावर झोपणं म्हणजे तव्याखाली झोपणं. वरच्या गादीपासून छतापर्यंत निदान तीन फूट मोकळे हवेत, म्हणजे मूल ताठ बसेल आणि हवाही खेळेल. खालच्या मुलालाही डोकं न आपटता बसता आलं पाहिजे. आमच्या दमट हवेत जाड फोम अंगाला चिकटतो. कापसाची किंवा काथ्याची पातळ गादी बरी. कापसाची गादी मधूनमधून उन्हात घातली पाहिजे आणि ती पुन्हा पिंजून आणली की जाडी वाढते हे विसरू नका. त्या दिवशी कठडा पुन्हा मोजा.

समुद्राकाठच्या माणसांसाठी आणखी एक. खारी हवा लोखंडाला खाते. नुसत्या खिळ्यांवर दुमजली पलंग उभा करू नका. आरपार जाणारे नट-बोल्ट वापरा, जमल्यास स्टेनलेस स्टीलचे. लाकूड पावसात फुगतं आणि उन्हाळ्यात आक्रसतं. त्यामुळे आवळलेले बोल्टही सैल होतात. म्हणून वर्षातून दोनदा, एकदा दसऱ्याच्या आसपास आणि एकदा मुलं सुट्टीत यायच्या आधी, पाना घेऊन प्रत्येक बोल्ट आवळा आणि पलंग हातानं हलवून पाहा. करकरला, डुलला तर मुलांना वर चढू देऊ नका. प्लायवूडचा करणार असाल तर ओल सहन करणारं घ्या. त्यावर आयएस ३०३ मधली बीडब्ल्यूआर प्रत किंवा आयएस ७१० अशी खूण असते. रंग लावणार असाल तर शिसं नसलेला लावा, कारण मुलं कठडा चावतात. घरगुती रंगांतल्या शिशावर आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून कायद्यानं मर्यादा आहे. जुना उरलेला डबा त्यासाठी उघडू नका.

आपल्या देशातही या पलंगांचा विचार झाला आहे. भारतीय मानक ब्युरोनं २०२२ मध्ये दुमजली पलंगांसाठी वेगळं मानक काढलं. त्याचा क्रमांक आयएस १७६३६. दुकानात गेल्यावर पलंगाच्या रंगाआधी त्याबद्दल विचारा. दुकानदाराला माहीत नसेल तर त्यालाही कळेल की गिऱ्हाईक असं विचारतात. आणि सुताराकडून करून घेत असाल तर तो सांगेल ते आधी ऐका. माझ्या मिस्त्रींनी कुठलंही मानक वाचलेलं नव्हतं. त्यांनी पाळणे केले होते, होड्यांची कामं केली होती, माड्यांचे जिने केले होते. कठडा कशासाठी असतो हे त्यांच्या हाताला माहीत होतं. ते म्हणाले फूटभर, आणि नियमांचा हिशेब लावला तरी उत्तर तेच येतं. गादी चार-पाच इंच, वर टीचभर, मिळून जवळपास फूट.

नातीचा हात बांधलेला असतानाच मी मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी पलंगाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि काही बोलले नाहीत. चारही कळस करवतीनं उतरवले, टोकं घासून गोल केली. कठड्यावर नव्या पट्ट्या चढवल्या, भिंतीकडेही. मजुरी घेतली नाही, फक्त स्क्रूचे पैसे घेतले. फणसाचं लाकूड संपलं होतं, म्हणून वरच्या पट्ट्या सागाच्या आहेत. पिवळ्यावर तपकिरी जोड लगेच डोळ्यांत भरतो. पलंग पूर्वीइतका देखणा राहिलेला नाही. पिंजरा मात्र दिसत नाही, हेही सांगितलं पाहिजे. वादळात पडलेल्या झाडाचा पलंग आहे, त्याला एक ठिगळ शोभतंच.

२०२५ च्या मे महिन्यात मुलं पुन्हा आली. नातीला सहा वर्षं पूर्ण झाली होती. तिनं वर झोपायचं का, हे मी ठरवलं नाही. मी तिला टीच म्हणजे काय ते शिकवलं होतं. ती शिडीवर चढली आणि गादीवर हात ठेवून आपल्या चिमुकल्या बोटांनी कठडा मोजू लागली. तिच्या हातानं तो दोन टिचा भरला. ‘‘दादा, दोन!’’ ती ओरडली. मग सून आली. तिनं कठड्यावर दोन्ही हात टेकून सगळं वजन टाकलं, बोल्ट चाचपले, भिंतीकडे हात घालून फट पाहिली, वर पंख्याच्या जागी उरलेल्या हुकाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मी दारात उभा होतो.

मग ती म्हणाली, ‘‘अब्बा, आता चालेल.’’

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)